पांढऱ्या सोफ्याच्या चुका

थोरलीला थोरली म्हणायचे ते ती चार जावांत मोठी म्हणून. दोन जावा आपापल्या नवऱ्यांबरोबर परगावी गेल्या, एक धाकटी तेवढी जवळ उरली, दोघींचे नवरेही गेले, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. पोटचा मुलगा आई म्हणायचा. बाकी गल्लीला, गिऱ्हाइकांना, कापडाच्या व्यापाऱ्याला ती थोरली. आणि कोणी नुसतं 'अहो बाई' म्हणून हाक मारली तर ती मागे वळून बघायची नाही.

दोघी जावांचं दुकान होतं. जुन्या खुर्च्या, जुने सोफे उसवायचे आणि नव्याने भरून द्यायचे. पुढे शटर, मग एक लांबट खोली, तिच्यात कापड बेतायचं मोठं टेबल, कोपऱ्यात काथ्याची पोती आणि स्प्रिंगांचा ढीग, आणि मागे दोघींची राहायची खोली. कापड लाकडाला धरून ठेवतात त्या बारक्या काळ्या खिळ्यांना चुका म्हणतात. जुन्या चुका उपसायच्या, नव्या ठोकायच्या, यात दोघींचा जन्म गेला. धाकटी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्या जाऊबाई दुकानात खुर्चीच्या चुका काढतात आणि घरात माझ्या. हात रिकामा म्हणून नाही."

या दुकानात बोलायची एक रीत होती, सासऱ्यांपासूनची. शटरच्या आत आली की खुर्ची आपली. "आपल्या खुर्चीचा मागचा पाय हलतोय गं." "आपल्या सोफ्याला हे निळं कापड घातलं तर रडेल तो." काम संपून हातगाडीवर चढली की मग त्यांची. गिऱ्हाइकाची म्हटलं की हात ढिला पडतो, आपली म्हटलं की चूक वाकडी बसत नाही, असं सासरे म्हणत. सासरे फार बोलत नसत, पण बोलले ते राहिलं.

आता आपली म्हणायला खुर्च्याच येईनात. लोक सोफा कंटाळा आला म्हणून टाकतात. फाटला म्हणून नव्हे, मोडला म्हणून नव्हे, कंटाळा आला म्हणून! कोपऱ्यावरच्या कचराकुंडीशेजारी धडधाकट सोफा उताणा पडलेला दिसला की थोरलीच्या मस्तकात तिडीक जायची. ती तिथेच उभी राहून त्या इमारतीच्या सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल अशी बोलायची. खिडक्या बंद व्हायच्या. सोफा तिथेच राहायचा.

मागच्याच आठवड्यात एका गृहस्थाने वडिलांची हातांची खुर्ची आणून दिली होती. थोरलीने ती उसवली, सांगाडा धुऊनपुसून उन्हात ठेवला, आणि त्याच्या बायकोचा फोन आला. "ती राहू द्या हो. आम्ही नवीन घेतली. तिचं तुम्हाला काय करायचं ते करा."

"बाई," थोरली फोनमध्ये ओरडली, "खुर्ची आहे ती! मांजराचं पिल्लू नव्हे, दुसऱ्याच्या दारात सोडून द्यायला!"

पलीकडून फोन ठेवला गेला. तेव्हापासून ती उघडी खुर्ची भिंतीला टेकून उभी होती, आणि थोरली तिच्याकडे बघून रोज नव्याने चिडत होती.

अशा वेळी मुलगा आला. एका मोठ्या फर्निचरच्या शोरूममध्ये तो मॅनेजर होता. धाकटी त्याला पुतण्या म्हणत नसे, शोरूमवाले म्हणत असे.

"या, शोरूमवाले. बसा. सांभाळून हं, या खुर्चीला अजून बूड नाही."

"काकू, मी बसायला नाही आलो." तो आईकडे वळला. "आई, आमचं घर लागलं. सगळं सामान आलं. आता तू तिकडे यायचं. तुझे गुडघे बघ. किती दिवस जमिनीवर बसून खिळे उपसणार?"

"चुका," थोरली म्हणाली.

"हो, चुका. आमच्या घरी लिफ्ट आहे, गरम पाणी आहे, तुला वेगळी खोली आहे. आणि ही जागा अशीच पडून राहायला नको. आमच्या शोरूमला गोदाम हवंय. 'जुनं द्या, नवं न्या' म्हणून योजना काढलीये आम्ही. जुने सोफे कुठेतरी उतरवायला लागतात ना."

"उतरवून?"

"उतरवून काय! तोडायचे. लाकूड वेगळं, लोखंड वेगळं."

"इथे?" थोरलीने विचारलं. "या खोलीत सोफे तोडणार?"

"आई, ते जुनेच असतात गं."

धाकटीने तोंडातल्या चुका हातावर काढल्या. उपसताना, ठोकताना ती त्या ओठांत धरायची, त्यामुळे महत्त्वाचं काही बोलायचं असलं की आधी तोंड रिकामं करावं लागायचं. "आणि माझं काय करायचं ठरलंय? लाकडात टाकायचं की लोखंडात?"

"काकू, तुम्हाला मुलगी आहे की. ती नाही का म्हणणार आहे?"

धाकटीची मुलगी नाही म्हणणार नव्हती. पण हो म्हणताना तिचा चेहरा कसा होईल ते दोघींना माहीत होतं.

आता खरं सांगायचं तर थोरलीचं मन डळमळलं होतं. गुडघे खरोखरच संपले होते. सकाळी उठताना टेबलाच्या पायाला धरून उठावं लागायचं, आणि धाकटीने ते बघू नये म्हणून ती तिच्या आधी उठायची. मुलगा एकुलता एक. तो न्यायला आलाय, आणि आपण किती ताठ राहायचं? ती म्हणाली, "बघते. रविवारी घर बघायला येते. दुकानाच्या किल्ल्या बरोबर आणते. मन झालं तर तिथेच देईन."

"मन झालं तर?" मुलगा हसला. "घर बघ तर खरं. तूच म्हणशील, आजच ठेवून घ्या."

रविवारी दुपारी ती निघाली. धाकटी शटरपाशी उभी होती. "जाऊबाई, माझा विचार करू नका हं," ती म्हणाली, आणि हे असं म्हणायचं म्हणजे माझाच विचार करा असं म्हणणं असतं हे दोघींनाही कळत होतं.

मुलाचं घर सातव्या मजल्यावर होतं. दार उघडल्याबरोबर समोर तो सोफा. पांढरा शुभ्र, तीन माणसं ऐसपैस बसतील एवढा, आणि वरून खालपर्यंत जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. जणू आत्ताच मेलाय आणि न्यायला माणसं यायचीयेत.

सुनेने हात धरून आत घेतलं. "या आई. आई, तिथे नको, इकडे या. हे स्टूल घ्या."

विहीणबाई आधीच आलेल्या होत्या. जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर बसल्या होत्या, तीही प्लास्टिकची सालं न काढलेली. त्या हलल्या की खुर्ची चुरचुर वाजायची.

"या, विहीणबाई. घर कसं वाटलं?"

"अजून दारातच आहे, विहीणबाई. वाटू तर द्या."

थोरली स्टुलावर बसली. गुडघ्यांतून कळ गेली ती थेट कमरेत. समोर तीन माणसांचा सोफा रिकामा. तिने आजूबाजूला पाहिलं. टीव्हीला काचेवरचा पापुद्रा तसाच. फ्रीजच्या दाराला निळा कागद तसाच. रिमोट पिशवीत, आणि त्या पिशवीला रबर. दिव्याच्या टोपीवर किमतीची चिठ्ठी लोंबत होती. चहा आला तो कागदी कपात. कपाटात काचेआड कपबशांचा सेट मांडलेला होता, पण तो काचेआडच राहायचा होता, हे सांगायला नको.

सुनेचा फोन वाजला. ती खिडकीपाशी जाऊन बोलू लागली. "हो, आमच्याकडे सासूबाई येतायत ना राहायला... हो गं, आमच्या घरी जागा आहे भरपूर... मागची खोली."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. थोरली शाळेत फार गेली नव्हती, पण आपलं आणि आमचं यांतला फरक कळायला शाळा लागत नाही. आपलं म्हटलं की ऐकणारा आत. आमचं म्हटलं की तो दाराबाहेर. सून मैत्रिणीशी बोलत होती, मैत्रिणीला आमचं म्हणणं रीतीचंच होतं. पण मुलगा? मुलगा तर आईशी बोलत होता. आमचं घर, आमच्या घरी, आमच्या शोरूमला. तेव्हा कानावरून गेलेलं आता एकदम टोचलं.

"माझी खोली दाखव," ती उठत म्हणाली.

मुलाने मागचं दार उघडलं. खोलीत खोकी होती. टीव्हीचं खोकं, फ्रीजचं माणूस मावेल एवढं खोकं, मिक्सरचं, पंख्याचं, दिव्यांचं, बुटांची तर चळतच, छतापर्यंत. एका कडेला जेमतेम एक खाट.

"यांत काय आहे?"

"काही नाही. रिकामी आहेत. वॉरंटी संपेपर्यंत टाकता येत नाहीत. आणि नंतर वस्तू विकायची झाली तर खोक्यासकट जास्त बरी जाते."

"म्हणजे आत्ताच आणलीस आणि आत्ताच विकायचा विचार?"

"आई, हल्ली असंच असतं."

"रिकाम्या खोक्यांना खोली आहे," थोरली सावकाश म्हणाली, "आणि तुझ्या काकूला नाही."

"काकूचा विषय कुठे आला यात?"

"नाहीच आला! तोच तर विषय आहे!"

ती बाहेर आली. आवाज चढला होता. विहीणबाईंची खुर्ची चुरचुरली.

"आई, शांत हो. किल्ल्या आणल्यास ना?"

"किल्ल्यांचं नंतर. आधी मला सांग, हा सोफा कुणाचा?"

"म्हणजे काय? आमचा."

"आपला म्हण."

"बरं बाई, आपला. तेच ते."

"तेच ते नाही! आपला असता तर मी त्यावर बसले असते. हा शोभेचा आहे, आणि शोभेचे सोफे आतून कसे असतात मला विचार. वरून पांढरं कापड, आत खोक्याचा पुठ्ठा आणि स्पंजाचे तुकडे. तुमच्या शोरूमचा माल! नाव मोठं, लक्षण खोटं. म्हणून त्यावर कुणाला बसू देत नाहीस. बसलं की फुटेल ना भांडं!"

हे मात्र मुलाला लागलं. तो लाल झाला. "आई, हा सोफा पुठ्ठ्याचा नाही."

"उलटा कर."

"काय?"

"उलटा कर म्हणते. मी दाखवते."

"कर उलटा!" विहीणबाई म्हणाल्या. त्यांना मजा वाटत होती. "होऊन जाऊ दे एकदाचं."

मुलाने आणि सुनेने मिळून सोफा पालथा घातला. थोरलीच्या पिशवीत किल्ल्यांबरोबर चुका उपसायचा छोटा लोखंडी पंजा असायचाच. दुसऱ्या बायका फणी ठेवतात तसा. ती गुडघ्यांची पर्वा न करता फरशीवर बसली, प्लास्टिक टराटरा फाडलं, आणि बुडाच्या काळ्या कापडाखाली पंजा घातला. चूक निघाली. दुसरी निघाली. तिसरीला तिचा हात थोडा थांबला, कारण ती घट्ट होती आणि सरळ होती. पण राग आलेल्या माणसाला पुढचं दिसत नाही. तिने एका बाजूच्या सगळ्या उपसल्या आणि कापड बाजूला केलं.

आत पक्कं लाकूड होतं. कोपऱ्यांना ठोकळे, नुसते चिकटवलेले नव्हेत, खाच पाडून बसवलेले. पट्टे ताणून विणलेले. स्प्रिंगा हाताने बांधलेल्या, प्रत्येकीला आठ बाजूंनी दोरी, प्रत्येक गाठ खाली दाबलेली, आवाज होऊ नये म्हणून. असं काम थोरलीने तरुणपणी केलं होतं आणि त्यानंतर फारसं पाहिलं नव्हतं.

विहीणबाईंनी खुर्चीतूनच वाकून पाहिलं. "काय विहीणबाई? निघाली का एखादी चूक?"

"निघाल्या," थोरली म्हणाली. मूठभर चुका तिच्या हातात होत्या. "पण सोफ्याची नाही निघाली. काम चांगलं आहे. माझ्याहून चांगलं आहे."

हे बोलताना तिची जीभ कडू झाली. चुकलं म्हणायची तिला सवय नव्हती, आणि विहिणीसमोर तर नाहीच नाही. दुसरी कोणी असती तर इथे खाली मान घालून किल्ल्या देऊन मोकळी झाली असती. मुलालाही तसंच वाटलं असावं. तो हळू आवाजात म्हणाला, "झालं ना समाधान? मी पुठ्ठा घेईन का आई? तुझा मुलगा आहे मी. मलाही कळतं थोडं."

आणि नेमकं यावर थोरलीचा भडका उडाला.

"कळतं? तुला कळतं? अरे, पुठ्ठा असता तर मी समजले असते! म्हटलं असतं, पोराला लाज वाटते, मोडेल म्हणून भितो. पण हा तर घोडा बसला तरी करकरणार नाही! कुणीतरी दिवसचे दिवस वाकून, बोटं कापून घेऊन या गाठी मारल्यात. कशाला? तुझ्या प्लास्टिकला आधार म्हणून? आणि मला, सुजलेल्या गुडघ्यांच्या आईला, स्टूल! बायकोच्या राज्यात आईला स्टूल!"

"आई," सून म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण ती बोलली. "माझं राज्य कुठलं? मला तरी कुठे बसू देतात? सोफा आल्यापासून मी एकदाही बसले नाही. हेसुद्धा बसत नाहीत. जमिनीवर बसून टीव्ही बघतात, सोफ्याला पाठसुद्धा टेकत नाहीत, डाग पडेल म्हणून."

थोरलीने मुलाकडे पाहिलं. ही तिची दुसरी चूक. सासू म्हटली की सगळी पापं सुनेच्या पदरी घालायची, ही सवय इतकी जुनी की ती घालताना तिचं लक्षही नव्हतं.

"खरं?" तिने विचारलं.

मुलगा बोलू लागला तो एकदम, दाबून ठेवलेलं फुटावं तसा. "हो! खरं! कारण मला एक वस्तू माझी पाहिजे होती! आपली, आपली, आपली. लहानपणभर तेच ऐकलं. आपली लाल खुर्ची, तिच्यावर बसून अभ्यास केला, चार दिवसांनी माणूस आला आणि घेऊन गेला. आपला मोठा सोफा, त्यावर झोपलो, सकाळी उठवून बाजूला केलं, गाडी आली म्हणून. काहीच आपलं नव्हतं, आई. सगळं लोकांचं होतं. मी सवय लावून घ्यायचो आणि ते घेऊन जायचे. हा कुणी न्यायला येणार नाही. हा माझा आहे. तो असाच राहिला पाहिजे."

हे थोरलीला ठाऊक नव्हतं. ती लाल खुर्ची तिला आठवलीसुद्धा नाही, इतक्या खुर्च्या आल्या नि गेल्या. तिला वाईट वाटलं. पण राग ही अशी चीज आहे की दुःख आत आलं की ती बाहेर जात नाही, सरकून जागा करते आणि दोघं शेजारी शेजारी बसतात.

"मग बस की त्यावर, मेल्या!" ती ओरडली.

"खराब होईल."

"होऊ दे खराब! खराब व्हायलाच असतो तो! बसून बसून खड्डा पडेल, कापड विरेल, स्प्रिंग वर येईल. येऊ दे! तुझी आई काय करते? आयुष्यभर काय केलं मी? साऱ्या गावाच्या खराब झालेल्या वस्तू धड करून दिल्या आणि माझ्याच पोराला वस्तू खराब व्हायची भीती! आणि जी जागा खराब झालेलं धड करते ती बंद करून तिथे धडधाकट सोफे तोडायचे म्हणतोस. तोडून आणखी नवे विकायचे. ते लोक घेणार आणि तुझ्यासारखे जमिनीवर बसणार!"

ती टेबलाच्या पायाला न धरता, कुणाचा हात न घेता उठली. कशी उठली ते तिलाही कळलं नाही. पिशवीतून किल्ल्या काढल्या. मुलाने हात पुढे केला. तिने त्या त्याला दाखवल्या आणि परत पिशवीत टाकल्या.

"दुकान मिळणार नाही. गोदाम दुसरीकडे बघा. आणि मी इकडे येणार नाही. रुसून नव्हे, मला काम आहे. एक तर हा सोफा. बूड उघडं पडलंय त्याचं. उद्या दुकानात आणून टाक."

"तूच उघडलंस ते!"

"हो. म्हणून तर मीच करून देणार. पण रांगेत. आधी एक उघडी खुर्ची उभी आहे, ती झाल्यावर."

"ती कुणाची?" सुनेने विचारलं.

"कुणी विचारत नाही तिला. म्हणून आधी तिची." थोरलीने मुलाकडे बोट केलं. "सरळ कर सोफा. आजच्या दिवसापुरतं बूड लोंबलं तर काही बिघडत नाही."

मुलाने सोफा सरळ केला. एकट्यानेच, रागारागाने, धाडकन. प्लास्टिक खाली गळून पडलं होतं. पांढरं कापड खिडकीच्या उजेडात डोळ्यांत खुपेल इतकं पांढरं होतं.

"बस," थोरली सुनेला म्हणाली.

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं.

"त्याच्याकडे काय बघतेस? मी सांगतेय. विहीणबाई, तुम्हीही या. त्या चुरचुरणाऱ्या खुर्चीतून उठा, कान किटले माझे."

विहीणबाई उठल्या. आल्या. सून एका टोकाला बसली ती अंग चोरून, परीक्षेला बसल्यासारखी, मग हळूहळू पाठ टेकली, आणि तिच्या तोंडून एक लांब श्वास गेला. विहीणबाई दुसऱ्या टोकाला. मधे थोरली बसली. गुडघ्यांतली कळ एकदम अर्ध्यावर आली. स्प्रिंगा हुं की चूं न करता खाली गेल्या आणि तिला नेमकं जिथे धरायला हवं तिथे धरून राहिल्या.

मुलगा समोर उभा होता. सोफा भरला होता. तो वळून कपाटापाशी गेला आणि काच सरकल्याचा आवाज आला, मग कपबशांचा.

"फुटतील रे, जपून!" विहीणबाईंनी सवयीने हाक दिली.

"फुटू द्या," थोरली म्हणाली. तिचा आवाज अजून उतरला नव्हता. उतरणारही नव्हता, घरी जाईपर्यंत तरी नव्हता, आणि गेल्यावर धाकटीला सगळं सांगताना तर तो पुन्हा चढणार होता. कारण सोफा इतका आरामाचा होता, इतका, की एवढे दिवस या घरातलं एकही माणूस त्यावर बसलं नाही या विचाराने तिच्या तळपायाची आग परत मस्तकाला गेली.